चाकांवरची डाक

रामगिरीवर विरहांत दिवस कंठणाऱ्या यक्षाला आपल्या प्रियेकडे निरोप धाडावयाचा होता. त्याच्यापाशीं दूत नव्हता, घोडा नव्हता, कीं डाकचौकी नव्हती. आषाढाच्या आरंभीं मेघ त्याच्या दृष्टीस पडला आणि त्यानें त्यालाच आपला निरोप्या केलें. कालिदासाच्या 'मेघदूता'तील काव्य क्षणभर बाजूस ठेवून केवळ व्यवहाराच्या दृष्टीनें पाहिलें, तर त्यांत एक उत्तम युक्ति सांपडते: जो फिरतीवर आहेच, त्याच्या हातीं आपलें काम सोंपवावें. आपल्या घरोघरीं हीच युक्ति पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. कोणी मुंबईस निघाला कीं त्याच्या पिशवींत मावशीसाठीं मेतकुटाची पुडी आणि धाकट्या भाच्यासाठीं विणलेलें टोपरें येऊन पडतेंच. त्यासाठीं कोणी वेगळें तिकीट काढीत नाहीं.

या जुन्या युक्तीला गेल्या पंचवीस वर्षांत यंत्रशास्त्रानें एक नवें रूप दिलें आहे. शहरांतून बसगाड्या, टॅक्सी आणि कचऱ्याच्या गाड्या दिवसभर हिंडत असतात. त्या प्रत्येकींत एकेक बिनतारी पेटी बसविली आणि त्या पेट्यांना आपापसांत बोलावयास शिकविलें, म्हणजे माणसें वाहून नेणारी गाडी निरोपही वाहून नेऊं लागते. हें कसें घडतें, कोठें घडलें, आणि त्यापासून आपण काय ध्यानांत घ्यावें, हें या लेखांत थोडक्यांत सांगावयाचें योजिलें आहे.

वाड्यांतील निरोप

प्रथम हें जाळें म्हणजे काय तें पाहूं. आपल्या हातांतला मोबाइल कितीही चतुर असला, तरी तो एकट्या मनोऱ्याशींच बोलतो. शेजारच्या खोलींतल्या माणसाला आपण दोन शब्द पाठविले, तरी ते आधीं त्या मनोऱ्याकडे जातात आणि तेथून फिरून शेजारच्या खोलींत येतात. मनोरा बंद पडला कीं दोघेही मुके. ही रचना दरबारासारखी आहे. जें कांहीं बोलावयाचें तें सिंहासनाकडे तोंड करून.

आतां एखादा पंचवीस माणसांचा जुना वाडा डोळ्यांपुढें आणा. आजीला स्वयंपाकघरांतून ओटीवरच्या आजोबांना 'पानें वाढलीं आहेत' एवढें कळवावयाचें आहे. ती उठत नाहीं, ओरडतही नाहीं. दाराशीं बसलेल्या नातीला सांगते. नात माजघरांतल्या काकूला सांगते. काकू अंगणांत खेळणाऱ्या पोराला हांक मारते, आणि पोरगा ओटीवर जाऊन वर्दी देतो. एखादे दिवशीं काकू माहेरीं गेलेली असली, तर निरोप अडत नाहीं. तो धाकट्या आत्याच्या तोंडून जातो. वाड्यांतील प्रत्येक माणूस आपल्या निरोपाचा धनी आणि दुसऱ्याच्या निरोपाचा हमाल असतो. इंग्रजींत ज्याला 'मेश' म्हणतात तें जाळें हेंच. त्यांत सिंहासन नसतें. प्रत्येक यंत्र शेजारच्या यंत्राशीं बोलतें आणि परक्याचा निरोप पुढें ढकलतें. त्यांतलें एखादें जरी खऱ्या इंटरनेटच्या तारेला जोडलेलें असलें, तरी सगळ्यांना जगाचें दार उघडतें.

या वाड्यांतली माणसें स्थिर न राहतां सारखीं हिंडूं लागलीं म्हणजे काय होईल? दोन गोष्टी होतील. कधीं कधीं माणसांची सांखळी स्वयंपाकघरापासून ओटीपर्यंत अखंड जुळेल आणि निरोप क्षणांत पोंचेल. इतर वेळीं सांखळी तुटलेली असेल. तेव्हां निरोप घेतलेल्या मुलानें तो लक्षांत ठेवावा, दुसरें कोणी भेटेपर्यंत चालत राहावें, आणि भेट होतांच सांगून मोकळें व्हावें. घ्यावें, बाळगावें, पुढें द्यावें, अशी ही तीन पायऱ्यांची रीत आहे. गाड्यांच्या जाळ्याचे सगळे प्रकार या दोन गोष्टींच्या मिश्रणांतून निघतात.

गाडी आणि इंटरनेट

चाकांचा आणि इंटरनेटचा संबंध अगदीं जन्मापासूनचा आहे, हें फार थोड्यांस ठाऊक असेल. इ.स. १९७७ च्या नोव्हेंबर महिन्याच्या २२ तारखेस अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत, सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराजवळील हमरस्त्यावरून एक बंद मोटारगाडी धांवत होती. ती एसआरआय नांवाच्या संशोधनसंस्थेची होती आणि तिच्या पोटांत रेडिओयंत्रें मांडलेलीं होतीं. तिनें पाठविलेला मजकूर लहान लहान पाकिटांत विभागलेला होता. तीं पाकिटें रेडिओवरून जमिनीवरच्या तारांच्या जाळ्यांत शिरलीं, उपग्रहावरून अटलांटिक ओलांडून युरोपांत गेलीं, आणि पुन्हां अमेरिकेंत परतून दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संस्थेंतील संगणकावर उतरलीं. रेडिओ, तार आणि उपग्रह अशीं तीन निरनिराळ्या जातींचीं जाळीं एका समाईक बोलीनें जोडतां येतात, हें त्या दिवशीं सिद्ध झालें. इंटरनेट म्हणजे जाळ्यांचें जाळें, आणि त्याच्या पहिल्या मोठ्या परीक्षेंतला एक विद्यार्थी चाकांवर होता.

तथापि ती गाडी केवळ प्रयोगासाठीं रस्त्यावर आणलेली होती. जी गाडी एरव्हीही धांवणारच आहे तिच्या हातीं निरोप देण्याचा प्रयोग पुढें आपल्याच देशांत, महाराष्ट्राच्या शेजारीं, कर्नाटकांत झाला. त्याची हकीकत मनोरंजक तर आहेच, पण तींत एका शेतकऱ्याचा दिवस वांचतो, म्हणून ती अधिक मोलाची आहे.

दोड्डबळ्ळापूरची बस

कर्नाटक सरकारनें 'भूमि' या नांवाखालीं जमिनीचे कागद संगणकावर चढविले. सुमारें दोन कोटि उतारे अशा रीतीनें तालुक्याच्या कचेरींत सिद्ध झाले. आपल्याकडे सातबाऱ्याचें जें महत्त्व, तेंच तिकडे या उताऱ्याचें. पेढीचें कर्ज काढावयाचें, वांटणी करावयाची, कोर्टांत उभें राहावयाचें, तर तो कागद हातीं पाहिजे. उतारा संगणकांत आला खरा. परंतु शेतकऱ्याला त्यासाठीं तालुक्याला जावेंच लागे. एका पानासाठीं बसचें भाडें, दिवसाची बुडालेली मजुरी, आणि कचेरींतला माणूस जागेवर नसला तर दुसरा हेलपाटा! गांवोगांव तार न्यावी, तर त्या काळीं खर्च अवाच्या सवा.

अमेरिकेंतील एमआयटी या विख्यात संस्थेच्या मीडिया लॅबमधील अलेक्स पेंटलंड, रिचर्ड फ्लेचर आणि अमीर हॅसन यांनीं यावर जो तोडगा काढला त्याला नांव दिलें 'डाकनेट'. यांतला 'डाक' हा शब्द आपलाच, टपालाचा. बंगळूर ग्रामीण जिल्ह्यांतील दोड्डबळ्ळापूर तालुक्यांत त्यांनीं एका सरकारी बसमध्यें बिनतारी पेटी बसविली. गांवांत एक संगणकाचें दुकान. तालुक्यांत भूमीचा मोठा संगणक. शेतकरी दुकानांत येऊन आपली मागणी नोंदवी. बस गांवांत शिरली कीं दुकानाचा संगणक आणि बसमधली पेटी यांची बिनतारी भेट होई, आणि कोणाचा हात न लागतां मागण्या पेटींत चढत. बस तालुक्याला पोंचली कीं त्या मोठ्या संगणकांत उतरत, तयार उतारे पेटींत चढत, आणि परतीच्या फेरीनें गांवीं येत. दुकानदार उतारा छापून पंधरा रुपये घेई. भूमीचे कागद याप्रमाणें तालुक्याच्या ठिकाणापासून ७० किलोमीटरपर्यंतच्या गांवांस मिळूं शकत.

या प्रयोगाची माहिती त्या तिघांनीं इ.स. २००४ च्या जानेवारींत एका शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध केली. तींतले आंकडे पाहण्यासारखे आहेत. बसच्या दिवसांतून तीन फेऱ्या, म्हणजे जातांना-येतांना मिळून गांवाशीं सहा भेटी. एक भेट सरासरी अडीच मिनिटांची. तेवढ्यांत एका दिशेनें सुमारें २१ मेगाबाइट मजकूर जाई. मेगाबाइट हा शब्द कोरडा वाटेल, म्हणून आपल्या मापानें मोजूं. देवनागरींतील एक अक्षरचिन्ह साठवावयास संगणकाला सामान्यतः तीन बाइट लागतात. तीन लाख चिन्हांचा जाडजूड ग्रंथ धरला, तर तो एक मेगाबाइटहूनही थोडा कमीच भरतो. म्हणजे बस थांब्यावर उभी राहून चार उतारू चढतात-उतरतात तेवढ्यांत वीस-बावीस ग्रंथांचा मजकूर बसमध्यें चढे. आणि त्या बसमधल्या सामानाची किंमत किती? ५८० डॉलर.

याच सुमारास कंबोडियाच्या रतनकिरी प्रांतांत हीच युक्ति पांच मोटारसायकलींवर चालविली गेली. तेथें रस्ते बसच्या लायक नव्हते. म्हणून मोटारसायकलस्वार शाळाशाळांवरून जात, आणि सूर्याच्या उन्हावर चालणाऱ्या संगणकांतून मुलांचीं पत्रें गोळा करून उपग्रहाच्या थाळीपाशीं आणून सोडीत. पेशवाईंतला जासूद थैली घेऊन धांवे, त्याचाच हा नवा अवतार.

वेळापत्रकाचें शास्त्र

एक बस आणि ठराविक थांबे असले म्हणजे हिशेब सोपा. परंतु तीस-चाळीस बसगाड्या एकमेकींना वाटेंत भेटूं लागल्या, तर कोणता निरोप कोणीच्या पेटींत घालावा? या प्रश्नाचा अभ्यास अमेरिकेंतील मॅसाच्युसेट्स विद्यापीठानें ॲम्हर्स्ट गांवीं केला. इ.स. २००४ पासून तेथील प्रवासी बसगाड्यांत त्यांनीं लहान संगणक बसविले, आणि त्या गाड्या डिझेलवर चालत म्हणून जाळ्याला 'डिझेलनेट' असें विनोदी नांव ठेवलें.

इ.स. २००६ मध्यें त्यांनीं मांडलेली एक पद्धति वाड्यांतल्या कोणत्याही गृहिणीस पटेल अशी आहे. निरोपाच्या अनेक प्रती करून निरनिराळ्या बसगाड्यांत द्याव्या. कोणती तरी एक आधीं पोंचेल. मात्र पेटींत जागा थोडी, आणि दोन बसगाड्यांची भेट क्षणभराची. म्हणून पूर्वीच्या गांठीभेटींवरून कोणता निरोप कोणत्या वाटेनें पोंचण्याचा संभव अधिक, हें अजमावून अनुक्रम लावावा. आणि एक प्रत पोंचली कीं 'पोंचला' अशी दवंडी सर्वत्र पसरवावी, म्हणजे बाकीच्या पेट्या आपापली प्रत पुसून नव्या निरोपाला जागा करतील. चार मुलांना एकच काम सांगितलें आणि एकानें केलें, तर उरलेल्या तिघांना 'नको रे आतां' म्हणून सांगावें लागतें, तसेंच हें.

डोंगरावरचें शहर

गांवाकडून आतां शहराकडे वळूं. गोमंतकावर साडेचारशें वर्षें राज्य केलेल्या पोर्तुगाल देशाच्या उत्तरेस, दोरू नदी जेथें समुद्रास मिळते त्या मुखाशीं पोर्तो हें जुनें शहर वसलेलें आहे. नदीकांठच्या चढणीवर पायऱ्यापायऱ्यांनीं रचलेलीं घरें, अरुंद बोळ, आणि नदीवर इ.स. १८८६ चा लोखंडी कमानीचा पूल. अशा चढउताराच्या आणि दगडी भिंतींच्या शहरांत बिनतारी लहरींची गति कुंठित होते. एका बोळांत ऐकूं येणारें यंत्र वळण घेतांच बहिरें होतें. म्हणून तर अशा ठिकाणीं हें जाळें कसाला लागतें.

पोर्तो विद्यापीठांतील जुआंव बारुश आणि आव्हेरू विद्यापीठांतील सुझाना सार्जेंतो या अध्यापकद्वयानें गाड्यांमधील संभाषणाचा अभ्यास चालविला होता. त्यांतून इ.स. २०१२ मध्यें 'व्हेनियम' ही कंपनी उभी राहिली. भाड्याच्या मोटारींची 'झिपकार' ही योजना काढणाऱ्या रॉबिन चेस आणि रॉय रसेल हेही तींत होते. इ.स. २०१४ मध्यें पोर्तोचें जाळें लोकांसमोर आलें. शहराच्या सार्वजनिक बसगाड्या, टॅक्सी आणि कचऱ्याच्या गाड्या मिळून सहाशेंहून अधिक वाहनें त्यांत गुंफलीं गेलीं. बसमध्यें चढणाऱ्या कोणालाही फुकट इंटरनेट मिळूं लागलें.

त्या पेटीची करामत अशी. ती तीन भाषा बोलते. उतारूंशीं ती साध्या वाय-फायनें बोलते. दुसऱ्या गाड्यांशीं आणि रस्त्याच्या कडेला खांबांवर बसविलेल्या ठाण्यांशीं ती वाहनांसाठीं राखून ठेवलेल्या ५.९ गिगाहर्ट्झच्या लहरींवर बोलते. हीं ठाणीं कांचतंतूंच्या तारेनें इंटरनेटला जोडलेलीं असतात. आणि दोन्ही बाजूंनीं कोणीच ऐकावयास नसलें, तर शेवटचा उपाय म्हणून ती मोबाइलच्या मनोऱ्याकडे वळते. कडेचें ठाणें जवळ असेल तर थेट, नसेल तर पुढच्या बसमार्फत, आणि तीही नसेल तर मोबाइलनें, असा निर्णय ती क्षणोक्षणीं घेते. मोबाइलच्या वाटेला दाम मोजावे लागतात; शहराच्या स्वतःच्या तारेनें जितकें काम भागेल तितका खर्च वांचतो.

येथें एक अडचण होती, आणि ती शिष्टाचाराची होती. साधें वाय-फाय अत्यंत औपचारिक असतें. तूं कोण, तुझी खूण काय, तुला आंत घ्यावें कीं नाहीं, अशी ओळखपाळख होऊन मग संभाषण सुरू होतें. घरांत बसलेल्या माणसाला हा वेळ जाणवत नाहीं. पण समोरासमोरून येणाऱ्या दोन बसगाड्या ताशीं ५० किलोमीटर वेगानें धांवत असतील, तर त्या एकमेकींकडे सेकंदास सुमारें २८ मीटर या वेगानें येतात. त्यांचा आवाज ३०० मीटरपर्यंत पोंचतो असें धरलें, तर भेटीपासून ताटातुटीपर्यंत अंतर ६०० मीटर, आणि वेळ अवघा एकवीस सेकंद! मध्यें एखादी इमारत आली तर तोही निम्मा. एवढ्यांत नमस्कार-चमत्कार करीत बसलें तर बोलणार केव्हां? म्हणून इ.स. २०१० मध्यें ८०२.११ पी नांवाचा नवा नियम मंजूर झाला. त्यांत ही प्रारंभींची ओळखपाळख गाळून, दृष्टीस पडतांच बोलावयास लागण्याची मुभा दिली. आगगाडीच्या खिडकींतून ओळखीचा माणूस दिसला तर आपण क्षेमकुशल विचारीत नाहीं, 'पत्र पाठव हो!' एवढेंच ओरडतों. तसाच हा नियम आहे.

पोर्तोच्या बसगाड्यांनीं दुसरेंही एक काम केलें. शहरांत जागोजाग हवेची, उष्णतेची आणि आवाजाची मोजणी करणारीं लहान यंत्रें बसविण्यांत आलीं. त्यांची माहिती क्षणांत पोंचलीच पाहिजे अशी निकड नसते. जवळून जाणाऱ्या बसनें ती उचलावी आणि सवडीनें ठाण्यावर उतरवावी. म्हणजे एकाच जाळ्यांत दोन वर्गांचे निरोप चालतात: निकडीचे, जे क्षणांत गेले पाहिजेत, आणि सवडीचे, ज्यांना पुढची बस चालते.

जाळें ही बसची सांवली

आतां या सगळ्यांतून निघणारी मुख्य गोष्ट सांगतों. हें जाळें पेट्यांचें दिसतें, पण त्याचा खरा आधार बसची फेरी हा आहे. ज्या रस्त्यावरून दर दहा मिनिटांनीं बस जाते, तेथें निरोपाला फार तर दहा मिनिटें थांबावें लागेल. ज्या वस्तींत सकाळीं एक आणि संध्याकाळीं एक बस येते, तेथें अर्धा दिवस. आणि जेथें बस जातच नाहीं, तेथें पेटी कितीही उत्तम असली तरी जाळें नाहीं. जाळें ही बसची सांवली आहे. बस जेथपर्यंत जाते तेथपर्यंतच सांवली पडते.

याचा सामाजिक अर्थ विचारी वाचकांच्या ध्यानांत येईलच. शहराच्या मधल्या पेठेंत दुकानें, कचेऱ्या आणि कॉलेजें. तेथें बसगाड्यांची दाटी असते, आणि मोबाइलचे मनोरेही पुष्कळ. शहराच्या टोंकाला, जेथें मोलमजुरी करणारीं माणसें राहतात, तेथें बस विरळ. म्हणजे ज्याला चालत जावें लागतें त्यालाच निरोपाचीही वाट पाहावी लागते. नव्या जाळ्यानें ही विषमता आपोआप मिटत नाहीं. उलट एका गैरसोयीची दुसरी गैरसोय होते. दोड्डबळ्ळापूरची योजना उपयोगाची झाली ती तेथें सरकारी बस दिवसांतून तीन फेऱ्या नियमानें करीत होती म्हणून. ती बस दोन दिवस न येती, तर त्या ५८० डॉलरच्या पेटीनें एकही उतारा गांवीं आला नसता. शहराला चाकांवरचें जाळें हवें असेल, तर पेट्यांच्या आधीं वेळापत्रक दुरुस्त करावें. तें दुरुस्त झालें आणि जाळें कांहीं कारणानें उभें राहिलें नाहीं, तरी लोकांचें कल्याणच झालेलें असेल. उलट क्रमानें गेल्यास दोन्ही हातचीं जाण्याची भीति.

दुसरी गोष्ट विश्वासाची. वाड्यांतला निरोप आपल्याच माणसांच्या तोंडून जातो. गाड्यांच्या जाळ्यांतला परक्यांच्या पेटींतून. म्हणून त्या निरोपाला लाखोटा पाहिजे. पूर्वीं पत्र बंद करून लाखेची मोहर उठवीत. आतां गणिताच्या कुलुपानें मजकूर असा बंद करतां येतो कीं वाहणाऱ्याला तो उघडतां येत नाहीं. हें कुलूप नसलेलें जाळें वापरणें म्हणजे घरचें पत्र उघडें ठेवून चार परक्यांच्या हातांतून पाठविणें होय. पण लाखोट्यानेंही एक गोष्ट झांकत नाहीं. तुमचा मोबाइल बसच्या पेटीशीं बोलूं लागला, म्हणजे तुम्ही कोणत्या थांब्यावर चढलां आणि कोठें उतरलां याची नोंद ठेवणें त्या पेटीला शक्य होतें. आज सुनबाई दवाखान्यांत गेली, उद्यां मुलगा क्लास चुकवून भलतीकडे गेला, हें घरच्यांना ठाऊक नसलें तरी पेटीला ठाऊक असूं शकतें. फुकट मिळणाऱ्या सेवेचा करार वाचतांना ही नोंद किती दिवस ठेवतात आणि कोणास दाखवितात, एवढें तरी विचारावें. आणि ती न ठेवण्याचा नियम शहराच्या सभागृहानें आधीं करावा. मागाहून तो करणें अवघड असतें.

तिसरी गोष्ट मालकीची. अमेरिकेंत इ.स. १९९९ मध्यें वाहनांच्या संभाषणासाठीं ५.९ गिगाहर्ट्झच्या आसपासचा ७५ मेगाहर्ट्झचा पट्टा राखून ठेवला होता. इ.स. २०२० च्या नोव्हेंबरांत तेथील नियामक मंडळानें त्यांतला ४५ मेगाहर्ट्झचा भाग साध्या वाय-फायला देऊन टाकला, आणि उरलेला मोबाइलच्या जातीच्या वेगळ्या पद्धतीकडे वळविला. वीस वर्षें ज्या पायावर घर बांधण्याचें चाललें होतें, तो पायाच सरकला. पोर्तोच्या त्या व्हेनियम कंपनीलाही इ.स. २०२२ मध्यें 'नेक्सार' नांवाच्या दुसऱ्या कंपनीनें घेतलें. यांत कोणाला दोष देण्याचें कारण नाहीं. व्यापारांत असें होतेंच. परंतु ज्या शहराची बस सार्वजनिक आहे, त्यानें तिच्यावर उभारलेलें जाळें अशा रीतीनें आंखावें कीं कंपनी बदलली तरी निरोप चालू राहील. नियम खुले असावेत, पेट्या एकाहून अधिक कारखान्यांच्या चालाव्यात, आणि त्यांची माहिती शहराच्या हातीं असावी.

आतां याची गरज उरली आहे काय?

कोणी म्हणेल, हें सगळें जुनें झालें. इ.स. २०१६ नंतर आपल्या देशांत मोबाइलवरचें इंटरनेट इतकें स्वस्त झालें कीं शेतकऱ्यानें बसच्या पेटीची वाट कशाला पाहावी? हा आक्षेप बराचसा खरा आहे. ज्या कामासाठीं दोड्डबळ्ळापूरची बस धांवली, तें काम आतां हातांतल्या मोबाइलवरही होऊं शकतें. साधनाचें काम संपलें कीं तें बाजूस ठेवण्यांत खेद मानूं नये. पाटा-वरवंटा बाजूस ठेवला म्हणून चटणीची चव कोणी विसरलें नाहीं.

पण दरबारी रचनेचा दोष अजून जागच्या जागीं आहे. इ.स. २०१७ च्या सप्टेंबरांत मारिया नांवाचें चक्रीवादळ पोर्तो रिको बेटावर कोसळलें, तेव्हां तेथील शेंकडा ९५ हून अधिक मोबाइल मनोरे बंद पडले. हातांत यंत्र होतें, पण बोलावयास कोणी नव्हतें. अशा वेळीं रस्तेही तुटतात हें खरें. तरी रुग्णवाहिका, पाण्याचे टँकर, शिधा नेणाऱ्या मोटारी यांपैकीं कांहीं तरी कोठें ना कोठें जातच असतें. तींत एकेक पेटी असली, तर 'आम्ही सुखरूप आहों' एवढा तीन शब्दांचा निरोप सहा तासांनीं कां होईना, पोंचेल. ज्याची आई पुरांत अडकलेली आहे, त्याला विचारावें कीं सहा तासांनीं आलेल्या त्या तीन शब्दांचें मोल किती.

म्हणून प्रस्तुत लेखकाचें मत असें आहे कीं, ही विद्या रोजच्या करमणुकीसाठीं नसली तरी संकटासाठीं शिकून ठेवण्यासारखी आहे, आणि तिचा अभ्यास संकट येण्यापूर्वींच झाला पाहिजे. घरांतल्या तंत्रशाळेच्या किंवा इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनीं ती हातानें करून पाहावी. दोन जुने राउटर आणि एक सायकल एवढ्यावर 'घ्यावें, बाळगावें, पुढें द्यावें' हा प्रयोग सुटींत होऊं शकतो: एक यंत्र घरीं, दुसरें सायकलीच्या टोपलींत, आणि गल्लीच्या टोंकाला राहणाऱ्या मित्राकडे एखादें चित्र पोंचवून दाखवावयाचें. त्यांत मुलांना इतकें कळेल कीं निरोप आपोआप जात नाहीं. तो कोणी तरी वाहतो.

मोठ्यांनींही हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. दोड्डबळ्ळापूरच्या त्या बसचा ड्रायव्हर रोजच्यासारखी गाडी घेऊन निघे, थांब्यावर थांबवी आणि वेळेवर पुढें काढी. त्याच्या पाठीमागच्या पेटींत कोणाच्या तरी शेताचा कागद असे, आणि तो कोणाचा हें त्याला कधीं कळत नसे. त्यानें आपली फेरी चुकविली नाहीं, एवढ्यावरच पलीकडच्या गांवांतला शेतकरी त्या दिवशीं मजुरी न बुडवितां आपल्या कामावर जाऊं शके.